साब्रीच्या आठ घंटा

साब्रीवर माझा पहिल्यापासून संशय होता, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की दोन्का आता साळसूदपणाचा आव आणते.

तसा माझा संशय सगळ्यांवरच असतो. चाळीस वर्षं दुकान चालवल्यावर दुसरं काय होणार? गावातलं हे एकच दुकान. एका बाजूला पाव, मीठ, खिळे, रॉकेल, आणि खिडकीशी तीन टेबलं, जिथे पुरुष मंडळी राकिया, म्हणजे आमची फळांची दारू, पीत बसतात. खिडकीसमोर चौक, चौकात पाण्याचा नळ, आणि नळाशेजारून वर डोंगराकडे जाणारी वाट. आमच्या गावात कुणीही कुठेही जायचं म्हटलं की माझ्या खिडकीवरूनच जावं लागतं. त्यात आमचा भाग सरहद्दीचा. माझ्या तरुणपणी इथे गळ्यात दुर्बीण अडकवलेला माणूस दिसला तर चौकीवर धावत जाऊन सांगायचं असतं, हे आम्हांला शाळेतच शिकवलं होतं. मी दोनदा धावले होते. एकदा तो जमीन मोजणारा निघाला आणि एकदा चौकीतलाच नवा साहेब. पण सवय लागली ती लागलीच.

साब्री माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याच्या बापाचा मेंढ्यांचा कळप होता, आजाचाही होता. शाळेत तो शेवटच्या बाकावर बसायचा आणि काही विचारलं की आधी खिडकीबाहेर बघायचा, मग उत्तर द्यायचा. माझ्या आईला ते आवडायचं नाही. ती म्हणायची, ‘हा मुलगा विचार करून बोलतो, जपून राहा.’

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात गावातली तुर्की घरं आठवड्याभरात रिकामी झाली. त्याआधी सरकारने त्यांची तुर्की नावं पुसून जबरदस्तीने आमच्यासारखी नावं लावलीच होती. साब्रीचा कागदोपत्री साविन झाला होता. त्याचे आईवडील, बहिणी, सगळे गाठोडी बांधून सरहद्दीपलीकडे तुर्कस्तानात गेले. पुष्कळसे परत आलेच नाहीत. साब्री ऑक्टोबरात एकटाच परत आला. हाती एक पिशवी, दाढी वाढलेली. मी पडद्याआडून बघत होते. घरात शिरायच्याही आधी तो मागच्या तुतीखाली गेला आणि खणायला लागला.

माझ्या मनात पाल चुकचुकली. गावभर कुजबुज होतीच की तुर्कांनी जाताना सोनं पुरून ठेवलंय. मी खिडकीतून इतकी वाकले की कुंडी खाली पडली. त्याने वर पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा खणू लागला. खड्ड्यातून निघालं ते चरबी लावलेल्या लोकरीत गुंडाळलेलं गाठोडं. त्याने ते तिथेच सोडलं आणि आतून एकेक वस्तू काढून पुसून गवतावर मांडली. घंटा होत्या. मेंढ्यांच्या गळ्यातल्या आठ घंटा, मोठीपासून लहानपर्यंत.

सोनं नाही म्हणून माझी इतकी निराशा झाली की आठवडाभर मी त्याला पाव देताना बोललेसुद्धा नाही. कुंडीचा रागही होता.

आमच्याकडे कळपाची घंटा म्हणजे नुसतं वाजणारं भांडं नसतं. चांगला मेंढपाळ लोहाराकडे तासन्‌तास बसतो आणि एकमेकींशी जुळणाऱ्या घंटा ठोकून घेतो. मग धुक्यात कळप दिसला नाही तरी त्याला बिघडत नाही. तो मोजत नाही, ऐकतो. सहावीचा आवाज आला नाही तर सहावी मेंढी कुठेतरी अडकलीय हे त्याला कळतं. दुसऱ्याचा कळप लांबच्या टेकडीवरून गेला तरी आमची पोरंसोरं सांगतात, हा अमक्याचा कळप. साब्रीच्या आठ घंटा त्याच्या आजाने करून घेतल्या होत्या. त्यांचा कळप उतारावरून खाली यायला लागला की चौकातली माणसं बोलायची थांबायची, हे मला मान्य करावंच लागेल.

त्या घंटांवर त्याने पुढे तीस वर्षं काढली. लग्न केलं, मुलगी झाली. मुलगी तुर्कस्तानात बुर्साला नोकरीला गेली, तिला बाळ झालं, तेव्हा बाळाला सांभाळायला बायको नाइमेही गेली. साब्री दर हिवाळ्यात पंधरा दिवस जाऊन यायचा. परत आला की मी विचारायचे, ‘काय रे, कसं आहे तिकडे?’ तो म्हणायचा, ‘सातवा मजला आहे, दोन्काताई.’ याहून जास्त काही सांगायचा नाही. मी समजायचे, काहीतरी लपवतोय.

मग गुडघे गेले आणि त्याने कळप देल्चोला विकला. देल्चो म्हणजे आमच्या गावचा राहिलेला एकमेव मेंढपाळ. आवाज मोठा, हात मोठे, आणि माझ्या मधल्या टेबलाचा मालक असल्यासारखा बसणारा. साब्रीने मेंढ्या दिल्या, पण घंटा दिल्या नाहीत. देल्चोला ते फार लागलं. त्याने शहरातून एक मोठी थोरली घंटा आणली, आपल्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यात बांधली. पहिल्याच हिवाळ्यात ती दगडावर आपटून काठाला चिरली आणि तेव्हापासून घोगरी वाजायची. सर्दी झालेल्या पाद्र्यासारखी. गावात एकही माणूस नव्हता ज्याला ती ओळखू येत नसे.

‘मेंढ्या नाहीत आणि घंटा कशाला हव्यात याला?’ देल्चो टेबलावर मूठ आपटून विचारायचा.

‘कुठेतरी पाणी मुरतंय,’ मी म्हणायचे आणि त्याचा ग्लास भरायचे.

तीन वर्षांपूर्वी प्लोवदिव शहरातून एक मुलगी आली. कुठल्याशा पर्यटन कंपनीची. तिला रस्ते नको होते. तिच्या पाहुण्यांना म्हणे नकाशात नसलेल्या वाटा हव्या होत्या, कड्यावरची गिधाडं हवी होती, लांडग्यांच्या पायांचे ठसे हवे होते. अर्दा नदीच्या वळणावरच्या आमच्या कड्यांवर जितकी गिधाडं आहेत तितकी आमच्या गावात माणसं नाहीत, हे खरं. पण त्यासाठी कुणी बेल्जियमहून येईल यावर माझा विश्वास बसला नाही. मी मुलीला विचारलं, ‘आणि खरं कशासाठी येतात?’ ती हसली. मी हसले नाही.

वाटा कुणाला माहीत, म्हणून तिने विचारलं, तेव्हा सगळ्यांनी साब्रीचं नाव सांगितलं. काहींनी चांगल्या मनाने, बाकीच्यांनी गंमत बघायला. साब्रीने तंबाखू वाळवायची आपली जुनी शेड झाडूनपुसून चुना लावून घेतली, आठ खाटा टाकल्या, गाढव विकत घेतलं आणि पाहुणे यायला लागले. सगळ्यांच्या गळ्यात दुर्बिणी. मला पहिल्या दिवशी चौकीकडे धावावंसं वाटलं.

एकच अडचण होती. शेडमध्ये पाहुणे ठेवायला गावाची हरकत नाही असा कागद लागतो, त्यावर सरपंच कामेनची सही लागते, आणि कामेन तर असा माणूस की दोन माणसांचं एकमत झाल्याशिवाय खिडकीही उघडत नाही. दोन वर्षं त्याने तात्पुरतं चालवून घेतलं. यंदाच्या मे महिन्यात कंपनीने कळवलं, सही नसेल तर पुढच्या खेपेपासून पाहुणे नदीपलीकडच्या गावात नेऊ. कामेनने रविवारची सभा ठेवली. एकाचीही जाहीर हरकत आली तर सही होणार नव्हती.

‘नाही झाली तर काय करशील?’ मी साब्रीला विचारलं.

त्याने आधी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाला, ‘गाढव विकीन आणि सातव्या मजल्यावर जाईन.’

आणि त्याच आठवड्यात, बुधवारी सकाळी, देल्चो दुकानात आला तो दार भिंतीवर आपटत. त्याच्या तीन मेंढ्या गायब होत्या. मंगळवारी दिवसभर धुकं होतं, संध्याकाळी कळप गोठ्यात आला तेव्हा तीन कमी. त्यात म्होरक्या मेंढा, घंटेसकट.

‘लांडगा असेल,’ गिना आजी कोपऱ्यातून म्हणाली. गिना आजी नव्वदीची. कान जवळजवळ गेलेले, तरी गावात तिच्याइतकं कुणालाच ऐकू येत नाही.

‘लांडगा असता तर रक्त दिसलं असतं, लोकर दिसली असती. आणि माझी तीन कुत्री काय झोपली होती? ओळखीचा माणूस आला म्हणूनच ती भुंकली नाहीत!’

‘म्हणजे कोण?’

‘उद्या कुणाचे पाहुणे येणारेत? त्यांना लांडगा दाखवायचाय ना? लांडगा काय फुकट येतो? त्याला मांस टाकावं लागतं!’

तेव्हा साब्री दारातच उभा होता. पाहुण्यांसाठी नऊ पाव न्यायला आला होता.  आणि मी, जिला कुणी काही विचारलं नव्हतं, ती काउंटरवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘उगाच भांडू नका. मेंढी खाता येते, घंटा खाता येत नाही. ज्याच्या हातात ती घंटा सापडेल, तोच चोर.’

मला ते वाक्य फार शहाणपणाचं वाटलं होतं. देल्चोने ते दोनदा म्हणून बघितलं. कामेनने मान डोलावली. साब्रीने नऊ पाव घेतले आणि गेला.

गुरुवारी पाहुणे आले. आठ जण. शुक्रवारी उजाडताना ते वर निघाले, गाढवावर सामान, आणि साब्रीच्या खांद्यावर एक पोतं. पोत्यातून लोकर डोकावत होती. चालताना त्याने ते अंगाशी घट्ट धरलं होतं, वाजू नये असं. पण मी खिडकीला कान लावून होते. एकदा, अगदी हलकं, ते किणकिणलं.

मी हातातला चहा खाली ठेवला.

आणि मग अर्ध्या तासाने वरून, डोंगराच्या पहिल्या धारेच्या पलीकडून, कळपाचा आवाज आला. घंटांचा. देल्चोचा कळप त्या दिवशी नदीकडे होता, मी स्वतः जाताना पाहिला होता. वर कुठलाच कळप असायला नको होता. चौकात येऊन ऐकेपर्यंत वारा फिरला आणि आवाज गेला. दिवसभर माझं हिशेबात लक्ष लागेना. चोरलेल्या मेंढ्या वर डोंगरात कुठेतरी दडवायच्या, पहाटे पाहुण्यांच्या आडोशाने तिथे जायचं, तिथून त्या पलीकडच्या गावात विकायच्या. सगळं माझ्या डोक्यात इतकं चोख जुळून आलं की मला माझाच अभिमान वाटला. कुणाला काही सांगितलं नाही. पकडायचं तर मीच पकडणार होते.

शनिवारी दुकानाला कडी लावून, रबरी बूट घालून मी त्यांच्यामागे निघाले. वय एकसष्ट, वजन विचारू नका. पहिल्या धारेपर्यंत ते मला दिसत होते. मग डोंगरावर धुकं उतरलं. आमच्याकडे धुकं हळूहळू येत नाही. घोंगडी टाकल्यासारखं एकदम येतं. पाच मिनिटांत मला माझे बूट दिसेनात.

मला वाटलं होतं, आपलाच डोंगर, काय होणार? पण मी शेवटची या वाटेने गेले होते ते नवरा जिवंत असताना, अळंबी गोळा करायला. वाट होती तिथे आता काटेरी झुडपं होती. मी डावीकडे गेले, मग उजवीकडे, मग बसले. खाली कुठेतरी खोल पाण्याचा आवाज येत होता, म्हणजे कडा जवळ होता. माझी पाचावर धारण बसली. हाक मारावी तर कुणाला? ज्याला चोर म्हणून पकडायला आले त्याला? मी खडकावर बसून राहिले आणि रडले थोडी, हेही सांगते.

तेव्हा घंटा वाजल्या. एक, मग दुसरी, मग सगळ्या. त्यांच्यामध्ये, स्पष्ट, ती घोगरी. देल्चोची थोरली.

भीती कुठल्या कुठे गेली. पकडला, म्हणत मी उठले. खरं सांगायचं तर त्या संशयानेच मला उभं केलं; नाहीतर मी दुपारपर्यंत तिथेच बसून थंडीने काकडले असते. आवाजाच्या दिशेने हात पुढे करून, झुडपं बाजूला सारत गेले. धुक्यातून पहिली आकृती दिसली. उंच, दोन पायांवर. गळ्यात घंटा.

माणूस होता. लाल टोपी घातलेला, चष्म्यावर धुक्याचे थेंब, आणि गळ्यात साब्रीच्या आजाची घंटा. त्याच्या मागे दुसरा. मग एक बाई. आठही पाहुणे एका ओळीत, प्रत्येकाच्या गळ्यात घंटा, जपून पाऊल टाकत येत होते, आणि सगळ्यांत मागे साब्री, डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत.

‘थांबा,’ तो म्हणाला. सगळे थांबले. ‘पुढे कोण आहे? हा पाय आपल्यातला नाही.’

‘मी आहे,’ मी म्हणाले. ‘दोन्का.’

त्याने डोळे उघडले. मला वाटलं तो हसेल. नाही हसला.

‘दोन्काताई, तू कड्यापासून सहा पावलांवर आहेस. हललीस तर बघ.’

त्याने येऊन माझा हात धरला आणि मला बाहेर आणलं. मी दम खाल्ला आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? ‘यांच्या गळ्यात घंटा का?’

‘कुत्र्यांसाठी,’ तो म्हणाला. ‘गेल्या वर्षी देल्चोच्या कुत्र्यांनी एका पाहुण्याची पॅंट फाडली. मुकाट्याने जाणारा अनोळखी माणूस त्यांना सहन होत नाही. घंटा असली की त्यांना वाटतं, आपल्यातलेच आहेत. आणि धुकं आलं की मलाही बरं.’

‘मग पोत्यात लपवून का आणतोस?’

‘चौकातून घंटा बांधून आठ माणसं नेली असती, तर तुम्ही सगळ्यांनी मला काय म्हटलं असतं?’

 आम्ही जे म्हटलं असतं ते मला पाठ होतं.

घोगरी घंटा एका उंच, सोनेरी केसांच्या बाईच्या हातात होती; स्वतःची गळ्यात, आणि ही मिळालेली खेळणं सापडल्यासारखी हलवत होती. साब्रीने तिला हळूच खूण करून ती मागून घेतली आणि मला बाजूच्या वाटेने कड्याखाली घेऊन गेला. कड्याच्या पायथ्याशी, दगडांत, हाडं पसरलेली होती. स्वच्छ, पांढरी. वरच्या खडकावर पाच-सहा गिधाडं भिजल्या पंखांनी बसली होती आणि आमच्याकडे बघतही नव्हती. हाडांमध्ये तीन पिवळे बिल्ले पडले होते, मेंढ्यांच्या कानात असतात ते, देल्चोच्या कळपाचा आकडा छापलेले.

‘काल पाहुण्यांनी दुर्बिणीतून बघितलं, गिधाडं सारखी इथेच उतरतायत,’ साब्री म्हणाला. ‘म्हणून आज आणलं, तर त्या बाईला इथे ही घंटा मिळाली. धुक्यात म्होरक्या काठावर गेला असणार. तो पडला, मागच्या दोन त्याच्यामागे पडल्या. बाकीच्या थांबल्या. मेंढपाळ जवळ असता तर एक हाक पुरे होती.’

‘मग घंटा घेऊन चल ना खाली. बिल्ले घेऊन चल. सगळं सांग.’

त्याने घंटा हाडांजवळ ठेवली. अगदी नीट, आवाज न करता.

‘ही मला सापडलीच नाही,’ तो म्हणाला. ‘ज्याच्या हातात सापडेल तोच चोर, असं ठरलंय.’

माझे कान तापले. ते वाक्य कुणाचं आहे हे त्याने म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

‘मी नेते,’ मी म्हणाले.

‘विचारतील.’

‘विचारू देत. मी उत्तर द्यायला घाबरते का?’

 त्याने घंटा उचलली, तिचा पट्टा माझ्या गळ्यात घातला आणि मागे बांधला. ‘आता नववी तू,’ तो म्हणाला. ‘पडलीस तर मला कळेल.’ आम्ही खाली निघालो. धुक्यात पुढे आठ घंटा गात होत्या आणि मध्येच मी, सर्दी झालेल्या पाद्र्यासारखी. सोनेरी केसांची बाई मागे वळून माझ्याकडे बघून हसली. मला पहिल्यांदाच वाटलं की ही माणसं खरोखर गिधाडं बघायलाच येत असावीत.

पहिल्या धारेखाली धुकं संपलं. साब्रीने घंटा काढून पोत्यात भरायला सुरुवात केली. मी थांबले नाही. पायांना उतार लागला होता, दुकान डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि गळ्यातली घंटा मी विसरले. नदीकडच्या कुरणातून देल्चोची तीन कुत्री ओरडत धावत आली आणि मी डोळे मिटले. त्यांनी माझा वास घेतला, घंटेचा वास घेतला, आणि शेपट्या हलवत माझ्या दोन्ही बाजूंना चालायला लागली. त्यांचा म्होरक्या परत आला होता.

अशी मी चौकात शिरले. गळ्यात देल्चोची घंटा, बाजूला देल्चोची कुत्री.

दुकानाला कडी म्हणून सगळे बाहेर बाकावर बसले होते: कामेन, गिना आजी, आणखी चार-पाच जण. देल्चो आवाज ऐकूनच उठून धावत आला होता, तोंडावर असा आनंद की मला अजून आठवतो. मग त्याने मला बघितलं.

‘दोन्का,’ तो म्हणाला. ‘ही घंटा तुझ्याकडे कशी?’

‘कड्याखाली सापडली. हाडं आहेत तिथे, तुझे बिल्ले आहेत. जा आणि बघ.’

‘तू कड्याखाली कशाला गेली होतीस?’

‘फिरायला.’

‘तू? फिरायला?’ कामेन म्हणाला. ‘अगं, तू नळापर्यंत जात नाहीस.’

‘तुला तिथे नेलं कुणी?’ देल्चोने विचारलं. वाटेवर, माझ्या मागे, साब्री पोतं घेऊन पाहुण्यांसह थांबला होता. सगळ्यांची नजर हळूहळू तिकडे वळत होती. एक नाव घेतलं असतं तर माझी सुटका झाली असती, आणि रविवारची सही गेली असती.

‘माझ्या पायांनी नेलं,’ मी म्हणाले.

‘तूच म्हणाली होतीस ना,’ गिना आजी सावकाश म्हणाली, ‘ज्याच्या हातात घंटा...’

‘हातात कुठे आहे? गळ्यात आहे,’ मी खेकसले. कुणी हसलं नाही. चाळीस वर्षं ज्यांना मी पाव दिला ती माणसं माझ्याकडे अशी बघत होती, जशी मी रोज खिडकीतून सगळ्यांकडे बघते. ती नजर बाहेरून कशी लागते हे मला माहीत नव्हतं.

‘हाडं सांगत नाहीत कुणी ढकललं,’ देल्चो म्हणाला. ‘मंगळवारी धुक्यात तिथे कोण होतं?’

मंगळवारी. माझी नजर त्याच्या खांद्यावरून खिडकीतून आत गेली, मधल्या टेबलावर. आणि मग मला ते दिसलं, जे पाच दिवस माझ्यासमोर होतं. मंगळवारी सकाळपासून धुकं होतं आणि देल्चोची ओली टोपी त्या टेबलावर होती. दुपारपर्यंत. मी तीनदा त्याचा ग्लास भरला होता. तिसऱ्यांदा भरताना मीच म्हणाले होते, ‘बस अजून, कुत्री आहेत की कळपाजवळ.’

‘तिथे कुणीच नव्हतं, देल्चो,’ मी म्हणाले. ‘तू इथे होतास. टोपी मधल्या टेबलावर होती. तिसरा ग्लास मी भरला, आणि बस म्हणूनही मीच म्हणाले.’

देल्चोचे मोठे हात खाली आले.  त्याला ते माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणूनच दार एवढं आपटलं होतं.

‘मग पाच दिवस तू गप्प का बसलीस?’ कामेनने मला विचारलं.

 विसरले होते असं म्हणता आलं असतं, पण मी काहीच विसरत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खरं इतकंच की त्या बाजूला मी बघितलंच नाही. साब्रीकडे बघण्यातच माझे डोळे गुंतले होते. मला लाज वाटली, इतकी की पट्ट्याची गाठ सुटेना. शेवटी ती गिना आजीने सोडवली.

देल्चोने घंटा घेतली, एकदा हलवून ऐकली आणि कुत्र्यांना घेऊन गेला.

रविवारी सभेत तो शेवटच्या बाकावर बसला. कामेनने तीनदा विचारलं, कुणाची हरकत? देल्चो जमिनीकडे बघत राहिला. कामेनने सही केली, जणू कुणी त्याचा हात धरून करवून घेत होतं. साब्रीने कागद घडी करून टोपीत ठेवला. माझ्याकडे बघितलंही नाही.

देल्चो आता पाव शहरातून येणाऱ्या गाडीवरून घेतो. त्याचं टेबल रिकामं असतं. दोघी-तिघी बायका माझ्या दुकानात आल्या की बोलताना आवाज खाली करतात, आणि मला त्यांना काही म्हणता येत नाही.

सोमवारी साब्री आला. पाव सांगितले. मग खिशातून लोकरीत गुंडाळलेलं काही काढलं, स्टुलावर चढला आणि माझ्या दाराच्या वरच्या फळीला खिळा ठोकून एक घंटा टांगली, दार हललं की वाजेल अशी. त्याच्या आठांतली पाचवी.

‘हे कशाला?’ मी विचारलं. ‘तुझा संच मोडेल ना.’

‘कोण आलं, कोण गेलं, ते आता ऐकू येईल,’ तो म्हणाला. ‘खिडकीशी उभं राहायला नको, दोन्काताई. तुझेही गुडघे आता चाळीस वर्षांचे नाहीत.’

‘फुकट देतोस? तुझ्या मनात आहे तरी काय?’

तो पहिल्यांदा हसला आणि पाव उचलून गेला.

गुरुवारी सकाळी पाहुण्यांची नवी तुकडी वर गेली. सात जण. या वेळी पोतं नव्हतं. चौकातच साब्रीने एकेकाच्या गळ्यात घंटा बांधली, आणि गिना आजी बाकावर बसून खिदळत होती. ते उतारावर चढू लागले. मी आत होते, पण ऐकत होते. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, आणि मग एक रिकामी जागा, आणि मग सहावी. वाटेवर साब्रीची पावलं थांबली. सवयच ती, कमी पडली की तो थांबतोच.

मी काउंटरमागून बाहेर आले आणि दार ढकललं.